रझिया आणि तिचे इतिहासकार

राजा नालायक निघाला तर इतिहासकार त्या एका पुरुषास दोष देतात. राज्य करणारी स्त्री पदच्युत झाली, की तो दोष साऱ्या स्त्रीजातीच्या माथी मारला जातो. या पक्षपाताचा मासला पाहावयाचा असेल, तर इ. स. १२३६ ते १२४० या काळात दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या रझियाविषयी जे लिहिले गेले ते वाचावे. अल्पवयी मुलाच्या नावाने कारभार हाकणाऱ्या राजमाता पुष्कळ झाल्या. रझिया मात्र स्वतःच्या नावाने नाणे पाडून राज्य करीत होती.

तिचा पहिला इतिहासकार मिन्हाज-उस-सिराज हा तिचा समकालीन. तिच्याच कारकिर्दीत त्यास दिल्लीच्या नासिरिया मदरशाचे प्रमुखपण मिळाले होते. १२६० च्या सुमारास पुरा झालेल्या त्याच्या ‘तबकात-इ-नासिरी’चे मोल आम्ही जाणतो; कारण ग्वाल्हेर जिंकून परतल्यावर अल्तमशाने मुलग्यांचा चैनीपणा पाहून मुलीस वारस नेमले, ही महत्त्वाची हकीकत तोच देतो. सरदारांनी ती आज्ञा बाजूस सारून रुक्नुद्दीन फिरोजास तख्तावर बसविले. परंतु त्याचा विलास व त्याची आई शाह तुर्कान हिचा जुलूम यांमुळे थोड्याच महिन्यांत ते राज्य कोसळले. मिन्हाज रझियाच्या अंगी असलेले सारे राजगुण मोजून दाखवितो, आणि शेवटी, पुरुषजन्म नसल्यावर या गुणांचा उपयोग काय, असा सुस्कारा टाकतो.

आमचा आक्षेप या सुस्काऱ्यास आहे, कारण त्याच्याच ग्रंथातील पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. लाहोरच्या कबीरखानाने बंड केले तेव्हा रझियाने स्वतः फौज घेऊन जाऊन त्यास नमविले. तुर्क सरदारांस खरे बोचले ते याकूत नावाच्या हबशास मिळालेले अश्वशाळेच्या मुख्याचे पद. दरबारातील मानाच्या जागा आपल्याच टोळीच्या हाती राहाव्या, असा त्यांचा हट्ट होता. रझियानंतर त्यांनी बहरामशाहास आणले व १२४२ मध्ये त्याचा बळी घेतला. मग मसूदशाहास आणले व १२४६ मध्ये त्यासही खाली ओढले. हे दोघेही पुरुषच होते! मग तिच्या पाडावाचे कारण तिचे स्त्रीत्व, हे म्हणणे कसे टिकावे?

दुसरा लेखक इसामी. महंमद तुघलकाने दिल्लीकरांस दौलताबादेस आणले, त्यांत हाही आला. १३५० मध्ये, रझियाच्या मृत्यूस एकशे दहा वर्षे झाल्यावर, त्याने दक्षिणेत आपले ‘फुतूह-उस-सलातीन’ हे काव्य पुरे केले. मिन्हाजाने याकूतावरील मर्जी सांगितली होती; इसामी तीस कुजबुजीचे रूप देतो आणि स्त्रीने चरख्यापाशी बसावे, असा उपदेश करतो. गंमत ही, की हिंदुस्थानातील चरख्याच्या अगदी जुन्या उल्लेखांत या ओळींची गणना होते. राणीस हिणविण्यासाठी पुढे केलेला चरखा तेवढा अभ्यासकांच्या उपयोगी पडला.

तिसरी कृती १९८३ चा कमाल अमरोही यांचा बोलपट. त्यात रझियाविषयी सहानुभूती आहे, वैभव आहे. परंतु याकूतावरील प्रेम हाच तिच्या आयुष्याचा गाभा ठरला आहे. इसामीने जे निंदेसाठी सुचविले, तेच येथे कौतुकाने रंगविले गेले. निंदा गेली, पण राज्यकर्ती परत आली नाही.

१२४० मध्ये भटिंड्याच्या अल्तुनियाने तिला कैद केले. पुढे त्याच्याशीच विवाह करून ती तख्त परत घेण्यास दिल्लीवर चालून गेली, हरली, आणि कैथलजवळ मारली गेली. अखेरच्या या चढाईतही तिचे लक्ष्य तख्तच होते. आमच्या मुलींच्या हाती तिचे चरित्र देताना हे आधी सांगावे. मिन्हाजाची हकीकत घ्यावी, त्याचा सुस्कारा त्याच्यापाशीच राहू द्यावा.