लिनक्सची सुरुवात : घाई कोणाला, गरज कोणाची?

संगणक चालू केला की लिनक्सचे कर्नल सर्वप्रथम एकच प्रोग्रॅम सुरू करते. त्याचा क्रमांक १. नेटवर्क, छपाई, लॉगिन या बाकीच्या सेवा उभ्या करणे हे त्याचे काम. जुन्या, युनिक्स सिस्टिम व्हीकडून आलेल्या पद्धतीत सेवांना क्रमांक असत आणि त्या एकीमागून एक सुरू होत. वर्गातल्या हजेरीत एकजण रेंगाळला की पुढचे सगळे खोळंबतात, तसेच ते.

एप्रिल २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग यांनी सिस्टिमडी हा पर्याय मांडला. सेवा जागी होण्यापूर्वीच तिचे सॉकेट, म्हणजे निरोप स्वीकारण्याची जागा, तयार ठेवायची. दुकान उघडण्याआधी दारावर पत्रपेटी टांगावी तशी. निरोप कर्नलकडे थांबून राहतात, त्यामुळे अनेक सेवा एकाच वेळी सुरू करता येतात. अ‍ॅपलच्या लाँचडीत ही युक्ती २००५ पासून होती. २०११ मध्ये फेडोरा १५ ने सिस्टिमडी स्वीकारली, २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ मधून ती मोठ्या सर्व्हरांवरही पोचली.

वेगाचे कौतुक लॅपटॉपवाल्याने करावे. सर्व्हर महिनोन्महिने बंद होत नाही, आणि झालाच तर त्याच्या फर्मवेअरच्या तपासणीतच काही मिनिटे जातात. मग सेवांचे वीस सेकंद वाचवून काय मोठे साधले? सर्व्हरचा खरा लाभ वेगळा आहे आणि तो फार हळू आवाजात सांगितला गेला, असे आम्हांस वाटते. सिस्टिमडी प्रत्येक सेवेच्या सर्व प्रक्रिया कर्नलच्या सीग्रुपमध्ये एकत्र बांधते. सेवेने कितीही उपप्रक्रिया जन्माला घातल्या तरी त्या कोणाच्या हे कळते, आणि सेवा थांबवली की त्याही थांबतात. जुन्या पद्धतीत अशी पोरकी प्रक्रिया शोधत बसावे लागे.

मात्र मे २०१६ च्या २३० व्या आवृत्तीत तोल गेला. वापरकर्ता लॉगआउट झाला की त्याच्या उरलेल्या प्रक्रिया बंद करायच्या, ही आधीपासूनची सोय आता न मागता लागू झाली. डेस्कटॉपवर हे योग्यच. मागे राहिलेला कचरा निघतो. पण सर्व्हरवर लोक संध्याकाळी स्क्रीन किंवा टीमक्समध्ये लांबलचक गणित लावून घरी जातात आणि सकाळी उत्तर पाहतात. प्रक्रिया चालू ठेवण्याची परवानगी मागण्याची व्यवस्था होती, हे खरे; परंतु जे काम वर्षानुवर्षे परवानगीवाचून चालत आले, ते करणाऱ्याला ती मागावी लागेल हे कळणार कसे? डेबियनने आपल्याकडे ही निवड फिरवून पूर्ववत केली, आणि आमच्या मते ते बरोबर होते.