'फेरीवाला' : एका संज्ञेची चिकित्सा

शहरातील जुन्या श्रमिक वस्त्यांचे रूप पालटू लागले, जमिनीचे मोल चढले आणि मूळ रहिवासी हळूहळू बाहेर सरकू लागले, म्हणजे तेथील किरकोळ विक्रेत्यास तगवून धरण्याचा उपाय म्हणून फिरत्या खाद्यबाजाराची कल्पना हटकून पुढे येते. कल्पना स्वागतार्ह आहे. मात्र 'फिरता' या विशेषणाने नेमके काय अभिप्रेत आहे, याचा विचार क्वचितच झालेला दिसतो.

पथविक्रेत्यांच्या उपजीविकेस संरक्षण देणारा २०१४ चा केंद्रीय अधिनियम या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. फिरून विकणारे, बसून विकणारे आणि स्थानपरत्वे रूढ असलेल्या समानार्थी नावांनी ओळखले जाणारे सर्व जण त्याने एकाच संज्ञेत गोळा केले आहेत. कायद्याच्या सोयीसाठी हे ठीकच. परंतु हे शब्द समानार्थी आहेत, हे गृहीतक भाषेच्या कसोटीस उतरत नाही.

'फेरी' म्हणजे नुसते हिंडणे नव्हे. एस. टी.ची फेरी असो की प्रभातफेरी, ठरलेल्या वाटेने जाणे आणि परत येणे हा तिच्या अर्थाचा गाभा आहे. फेरीवाला हा म्हणूनच मुळात परतून येणारा विक्रेता होय. 'पाटीवाली' या शब्दात डोक्यावरचे ओझे आहे, तसेच ओळखीचे दारही आहे. उलट 'गाडी' हा शब्द गतिवाचक असूनही मुंबईच्या बोलीत वड्याची वा भुर्जीची गाडी 'लावली' जाते, म्हणजे एका जागी मांडली जाते. (तिची चाके पुष्कळदा पालिकेच्या पथकाची चाहूल लागल्यावरच फिरतात!) 'फेरीवाला क्षेत्र' या प्रशासकीय शब्दप्रयोगात तर फिरणाऱ्यास आखलेल्या चौकटीत बसविले आहे, आणि त्यातील विसंगती कोणास खटकत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे, हे गिरणगावाच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. लालबाग-परळ भागातील विक्रेत्याची फेरी गिरणीच्या भोंग्याशी आणि पाळ्यांशी जखडलेली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, आणि १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली व तीत २००१ मध्ये झालेला बदल यांनी त्या जमिनींवर मनोरे, मॉल व कचेऱ्या उभारण्याची वाट मोकळी केली. गिऱ्हाईक नाहीसे झाले असे नाही. परंतु चाळीच्या गॅलरीतून दारोदार जाणारी वाट मनोऱ्याच्या फाटकापाशी संपते, आणि विक्रेत्याची आरोळी विसाव्या मजल्यावर पोहोचत नाही. जेथे फेरी संपली, तेथे कचेरीच्या दुपारच्या सुट्टीवर जगणारी गाडी उरली.

आता कायद्याकडे पुन्हा वळावे. फिरत्या विक्रेत्याची व्याख्या तो नेमून दिलेल्या क्षेत्रात एका जागेहून दुसऱ्या जागी जातो एवढेच सांगते. परतण्याचा अर्थ तीत नाही. याउलट संरक्षणाची सारी भाषा जागेची आहे. तीस दिवसांच्या सूचनेवाचून हलवू नये, ते प्रमाणपत्रात नोंदलेल्या जागेवरून. पन्नास वर्षांहून जुना म्हणून वारसा ठरावयाचा, तो एका ठिकाणी भरणारा नैसर्गिक बाजार. ज्याचा हक्क वाटेवर आणि वेळेवर आहे, त्याच्या हाती अशा तरतुदींतून फारसे काही लागत नाही. फिरत्या बाजाराचे पुरस्कर्तेही हीच उणीव पुढे चालवितात. त्यांच्या लेखी 'फिरता' म्हणजे कोठेही नेता येण्याजोगा, आणि जे कोठेही नेता येते ते सोयीनुसार दूरही लोटता येते.

मराठीत याहून समर्थ संज्ञा पूर्वीपासून आहे : आठवडे बाजार. तेथील व्यापारी सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या गावी जातो. तरीही प्रत्येक गावात त्याचा वार ठरलेला असतो आणि तो वार गावाने मानलेला असतो. राज्यात शहरांतून शेतकरी आठवडे बाजार भरविण्यात आले, तेव्हा हे नाव उचलले गेले. परंतु तेथे विक्रेता म्हणून अभिप्रेत आहे तो बाहेरून येणारा शेतकरी, वस्तीतला पाटीवाला नव्हे. ठरल्या वारी चाळीत येणाऱ्या मासेवालीचा वार प्रमाणपत्रात कोठे व कसा नोंदवावा, याचे उत्तर या बाजारांच्या योजनेतून मिळत नाही.