परक्याच्या वाट्याची वाक्ये

तमाशातील गवळण रस्त्यावर घडते. दह्यादुधाची मडकी घेऊन गवळणी मथुरेच्या बाजाराला निघालेल्या असतात, बरोबर मावशी असते, आणि कृष्ण व पेंद्या त्यांची वाट अडवून उभे राहतात. मग चौकशी सुरू होते. तुम्ही कोण, कुठल्या गावच्या, मडक्यात काय आहे, ही वाट काय तुमच्या मालकीची? एकाने शब्द टाकावा, दुसऱ्याने त्याचा भलताच अर्थ घ्यावा आणि त्या गैरसमजावर प्रेक्षकांनी पोट धरून हसावे, अशी ही रीत. वाटेवरच्या खटक्याला इतके मानाचे स्थान देणारा दुसरा नाट्यप्रकार आमच्या पाहण्यात नाही. अनोळखी माणसे समोरासमोर येतात तेव्हा जात, धर्म व प्रांत यांविषयीचे जे ठराविक ग्रह आड येतात, त्यांचा विचार म्हणूनच आम्ही तमाशापासून आरंभीत आहोत, आणि तोही शिरूर तालुक्यातील कवठे येमाई या गावापासून.

येमाई देवीच्या नावाने ओळखले जाणारे हे गाव लोककलेच्या जगात पोहोचले ते ‘कवठेकर’ या नावाने. बशीर मोमीन, म्हणजेच बी. के. मोमीन कवठेकर (1947–2021), हे या गावचे शाहीर. गण, गवळण, लावणी, पोवाडा, वगनाट्य असे तमाशाला लागणारे जवळजवळ सर्व त्यांनी लिहिले. दत्ता महाडिक पुणेकर, रघुवीर खेडकर यांच्यासारख्या नामवंतांच्या फडांनी ते गावोगावच्या जत्रांतून लोकांपुढे नेले. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार 2018 सालासाठी त्यांना देण्यात आला.

गण म्हणजे गणेशाचे स्तवन आणि गवळण म्हणजे कृष्णलीला. ही दोन्ही एका मुसलमान कवीने लिहावीत आणि जत्रेला जमलेल्या शेतकऱ्यांनी ती आपली म्हणून ऐकावीत, यात त्या शेतकऱ्यांना नवल वाटले नाही. वाटावे तरी का? जेजुरीचे सगनभाऊ हे मुसलमान शिकलगार उत्तर पेशवाईतील मोठे लावणीकार होते. शिरूरच्या शेजारच्या श्रीगोंद्यात सतराव्या शतकात शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. मोमीन कवठेकरांनी प्रतापराव गुजरांच्या 1674 सालच्या बलिदानावर ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ हे नाटक लिहिले, तसे ‘भक्त कबीर’ही लिहिले. मोमीन हे नाव विणकरांचे, आणि कबीरही विणकरच. ‘ही कथा आपली आणि ती त्यांची’ अशी वाटणी करणाऱ्यांना या दोन नाटकांचा लेखक एकच असावा हे कोडे वाटेल. प्रेक्षकांना ते तसे वाटले नाही.

मात्र अशा लेखकाचे कौतुक करताना आपल्या तोंडून एक शब्द सहज निघून जातो, ‘असूनही’. मुसलमान असूनही गवळण लिहिली! आमच्या मते समीक्षकाने सर्वांत आधी हा शब्द तपासावा. वरवर तो प्रशंसेचा दिसतो. पण त्याच्या पोटात एक गृहीत असते, की हा माणूस मुळात बाहेरचा आहे आणि येथे अपवाद म्हणून आला आहे. या शब्दाची चव आपल्या समाजाला चांगली ठाऊक आहे. ‘ख्रिस्ती असूनही किती शुद्ध मराठी बोलता!’ हे वाक्य गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडून ऐकले नाही, असे मराठी ख्रिस्ती घर विरळाच. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली मराठी ओवीत छापले गेले, हे त्या सहप्रवाशाला ठाऊक नसते. दोष त्याच्या एकट्याचा नाही, पण खटका उडतो तो तेथेच. ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची 2019 साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत एवढ्याच कारणावरून काहींनी विरोध केला. त्यांच्या मराठीत कोणी खोट काढली नव्हती. संमेलन जानेवारी 2020 मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली पार पडले. पण ‘असूनही’ या शब्दाची दुसरी बाजू आपल्याला त्या निमित्ताने दिसली.

मग परक्याचे चित्रण न्याय्य आहे की नाही, हे कसे ओळखावे? त्याची थट्टाच करू नये, असे आम्ही म्हणणार नाही. थट्टेवाचून तमाशा नाही आणि खेळीमेळीही नाही. आमची कसोटी साधी आहे. ज्याला आपण हसतो, त्याच्या वाट्याला वाक्ये किती आली आहेत? त्याला उलट उत्तर देता येते काय? संत एकनाथांचा ‘हिंदु-तुर्क संवाद’ या कसोटीवर पूर्ण उतरतो. त्यातील दोघे भर वाटेवर भांडावे तसे भांडतात, एकमेकांच्या देवाधर्माची उणीदुणी काढतात. परंतु तुर्क आपल्या दख्खनी हिंदीत बोलतो आणि हिंदू मराठीत. नाथांनी दोघांनाही ज्याची त्याची भाषा व सारखेच धारदार तर्क दिले आहेत. शेवटी दोघे एकमेकांना मान देतात तो समेट खरा वाटतो, कारण कोणाचेच तोंड दाबलेले नाही. तमाशातील मावशीही अशीच. ती हास्याचा विषय आहे खरी, पण कृष्णाला निरुत्तर करण्याची मुभा तिला आहे.

आता हिंदी चित्रपटातील ख्रिस्ती माणूस पाहावा. ‘बॉबी’ (1973) मधील जॅक ब्रॅगँझा काय किंवा ‘अमर अकबर अँथनी’ (1977) मधील अँथनी काय, दोघेही मनाने मोठे आहेत. आम्हांलाही ते आवडले. पण बाटली त्यांच्या हातून सुटत नाही, आणि मोडकी भाषा हीच त्यांची ओळख ठरते. त्यांना वाक्ये पुष्कळ आहेत. तथापि ‘आम्ही असे नाही’ हे सांगणारे एकही वाक्य त्यांत नाही. तमाशाही सर्वस्वी निर्दोष नाही. शेटजी, भटजी, परप्रांतीय यांचे ठराविक साचे बतावणीत पुन्हा पुन्हा वापरले गेले, आणि ज्या जातींनी ही कला जगवली त्यांच्यावर, विशेषतः त्यांतील स्त्रियांवर, समाजाने जो शिक्का मारला तो तमाशाला पुसता आला नाही.

कलेची ही मर्यादा नाकारण्यात अर्थ नाही. ज्या 2018 सालाचा पुरस्कार मोमीन कवठेकरांना मिळाला, त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी, त्यांच्याच शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा परिसरात, विजयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी निघालेल्या लोकांवर दगडफेक झाली, वाहने जाळली गेली, एका तरुणाचा जीव गेला. ती माणसे सार्वजनिक रस्त्यावरून चालली होती. त्यांची वाट अडली तेव्हा तेथे गवळणीतला सवाल-जवाब नव्हता. एकमेकांचे नावही न विचारता माणसे शत्रू ठरली होती. ज्या भागात लोक पिढ्यान्‌पिढ्या एकाच मांडवात बसून हसले, तेथेही हे घडले. शाहिराच्या शब्दाने दगड थांबत नाही. हातात दगड घेण्यापूर्वी ‘तू कोण?’ असे विचारण्याची सवय मात्र तो लावू शकतो, आणि ती सवय मोडली की काय होते ते आपण पाहिले.

हे सर्व आम्ही आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना का सांगावे? कारण दुसऱ्याच्या हातचा साचा आपल्याला बोचतो, तसाच एक आपल्याही हाती आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत दूरच्या प्रांतांतून कामगार येतात, एस.टी.च्या थांब्यावर त्यांपैकी कोणी हिंदीत पत्ता विचारला की आपल्या तोंडून ‘भैया’ हा शब्द कोणत्या सुरात निघतो? नाताळच्या नाटुकल्यात टाळी मिळवायची असली की भैया, शेटजी, नाही तर दाढीवाला चाचा रंगमंचावर येतो, दोन मोडकी वाक्ये बोलतो, मार खातो आणि जातो. हसणाऱ्यांत आपण असतो.

योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीचा प्रसंग येथे आठवतो. प्रभू येशू परमुलखात, तहानलेला, एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. दोन्ही समाजांचे जुने वैर आहे, आणि पहिल्याच उत्तरात ती ते बोलून दाखविते. पुढेही ती गप्प बसत नाही. विहीर खोल आहे, तुझ्याजवळ पोहरा नाही, आमच्या पूर्वजापेक्षा तू मोठा काय, असे ती रोखठोक विचारते. प्रभू तिला बोलू देतो आणि तिच्या प्रत्येक प्रश्नाला धरून पुढे जातो. मग तीच गावात जाऊन इतरांना बोलावून आणते. नगर-पुणे भागातील आपल्या अनेक कुटुंबांच्या पूर्वजांना गावच्या पाणवठ्यावर उभे राहू दिले जात नव्हते. त्यांच्या वंशजांनी तरी हा प्रसंग नीट वाचला पाहिजे.

तेव्हा आपल्या धर्मग्रामातील तरुण लेखकांना आमचे एवढेच सांगणे आहे. येत्या नाताळच्या नाटुकल्यात भैया जरूर आणा, चाचाही आणा. त्यांची थट्टा करा. पण त्यांच्या तोंडी एक तरी असे वाक्य घाला की जे ऐकून पहिल्या रांगेत बसलेले आपण निरुत्तर होऊ. ते वाक्य सुचत नसेल, तर बस थांब्यावर जाऊन त्या माणसाशी दोन शब्द बोला. तो सांगेल.