हेपॅटायटिस सी विषाणूच्या जनुकप्रकार-निश्चितीचे सुलभीकरण : एक चिकित्सा

हेपॅटायटिस सी विषाणूचा शोध १९८९ मध्ये लागला आणि पुढच्या दशकातच त्याचे जनुकप्रकार ओळखण्याच्या पद्धती सोप्या करण्याचे प्रयत्न सुरू झाले. या प्रयत्नांचे मूल्यमापन बहुधा वेळ, खर्च आणि टप्प्यांची संख्या यांवरून केले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे निकष अपुरे आहेत. पद्धत संक्षिप्त करताना विषाणूविषयीची कोणती माहिती गमावली जाते, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे.

या विषाणूचा जीनोम सुमारे ९,६०० न्यूक्लिओटाइडांचा असून जनुकप्रकारांमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास भेद आढळतो. मात्र जीनोमच्या आरंभीचा, प्रथिनात रूपांतरित न होणारा भाग सर्व प्रकारांत जवळजवळ सारखा असतो. निदानासाठी पी.सी.आर.द्वारे हाच भाग वाढविला जातो. तेव्हा त्याच उत्पादनावर पट्टीवरील प्रोब वापरून जनुकप्रकारही ठरवावा, ही कल्पना सोयीची होती. परंतु जे स्थैर्य निदानास उपकारक, तेच वर्गीकरणास बाधक ठरले. १ए व १बी या उपप्रकारांत येथे अत्यल्प फरक आहे. आग्नेय आशियात आढळणाऱ्या सहाव्या प्रकारातील काही विषाणू तर पहिल्या प्रकाराचे म्हणून नोंदले जात. पुढे कोअर भागाचे प्रोब जोडावे लागले, म्हणजेच वाचविलेले काम परत आले. एन.एस.५बी भागाचे क्रमनिर्धारण अधिक विश्वसनीय खरे, पण तेही एकट्याने पुरत नाही. २००२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथून नोंदविलेला २के/१बी हा संकरित विषाणू आरंभी दुसऱ्या आणि अखेरीस पहिल्या प्रकाराचा आहे.

इंटरफेरॉनच्या काळात पहिल्या प्रकारास ४८ आठवडे, तर दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारास २४ आठवडे उपचार दिले जात. त्यामुळे चुकीच्या अहवालाची किंमत रुग्णालाच मोजावी लागे. आज स्थिती पालटली आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या भारताच्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात सिरोसिस नसलेल्या रुग्णास जनुकप्रकार न तपासता सोफोसबुविर व डॅक्लाटासविर देता येते. सर्वांत मोठे सुलभीकरण, विनोदाने म्हणावयाचे तर, चाचणीच न करण्याचे!

तरीही आपल्याकडे प्राबल्य असलेला तिसरा प्रकार सिरोसिसच्या रुग्णांत उपचारास तुलनेने कमी दाद देतो, आणि काही रुग्णांत उपचारानंतर विषाणू पुन्हा आढळतो. अशा मोजक्या नमुन्यांत एन.एस.५ए भागाचे क्रमनिर्धारण केल्यास जनुकप्रकारासोबत औषधरोधक उत्परिवर्तनेही कळतात. जनुकप्रकारासाठीच्या प्रोबपट्टीवर ती दिसत नाहीत.