‘हद्दपारी’ हा शब्द

सांप्रत वृत्तपत्रांतून ‘हद्दपारी’ हा शब्द ज्या सैलपणाने योजिला जातो, तो पाहून भाषेच्या अभ्यासकास खेद वाटल्यावाचून राहत नाही. व्हिशाची मुदत सरली तरी राहिलेला परकीय, परवान्याविना सीमा ओलांडून आलेला मजूर आणि शहरास उपद्रव देणारा गुंड, तिघांसही एकच शब्द! वस्तुतः तिसऱ्याकरिता ‘तडीपार’ हा ठसठशीत मराठी शब्द आहे. पहिल्या दोघांतही भेद आहे: एक दार उघडून घेतला गेला व वेळेवर उठला नाही, दुसरा दारातून आलाच नाही. दोघांसही ‘घुसखोर’ म्हणणारा लेखक विचार करण्याचे श्रम वाचवितो, इतकेच.

हा शब्दच्छल नव्हे. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यान्वये एखाद्यास तडीपार करावयाचे, तर आरोपांचे सामान्य स्वरूप त्यास आधी लेखी कळवावे लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते, आणि मुदतही दोन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही. परकीयाचे तसे नाही. १९४६ च्या कायद्याने त्यास घालवून देण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने हान्स म्युलर प्रकरणी १९५५ साली म्हटले. पुढे लुई द रेट ह्या बेल्जियन मिशनऱ्याचे गाऱ्हाणे १९९१ साली फेटाळले गेले. हा गृहस्थ १९३७ पासून हिंदुस्थानात होता! परकीयासही जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क आहे, पण येथे वास्तव्य करण्याचा नाही, असा तो निर्णय. तर्क निर्दोष आहे, हे आम्ही मान्य करतो. पण अर्धशतकाहून अधिक काळ येथे काढलेल्या माणसाकरिता त्या तर्कात जागा कोठे आहे, ते मात्र सापडत नाही.

महाराष्ट्राने ह्याहून निराळे प्रकरण पाहिले आहे. मनमाडच्या कोरडवाहू भागात विहिरी खणविणारे स्पॅनिश जेझुइट विन्सेंट फेरर ह्यांस १९६८ साली देश सोडण्याचा हुकूम झाला. शेतकरी मोर्चा घेऊन निघाले. शेवटी फेरर काही काळ बाहेर गेले, आणि इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांस परत येऊ दिले. मात्र पुढील कार्य आंध्रातील अनंतपूर येथे झाले. त्यांच्या चरित्रांत हा प्रसंग संताच्या छळाची कथा होतो. आमच्या मते येथे चरित्रकार चुकतात. हुकूम कायदेशीर होता. खरा प्रश्न कारणे सांगण्याचा होता, आणि भक्तिरसाच्या पुरात तोच वाहून जातो.

२०२५ चा नवा कायदा १ सप्टेंबरपासून अमलात आला. त्याने १९४६ चा कायदा रद्द केला आणि मुदतीबाहेर राहण्यास तीन वर्षांपर्यंत कैद वा तीन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली. सरकारी मराठीत ह्या कामास कधी ‘परत पाठवणी’ म्हणतात. पाठवणी सासरी निघालेल्या मुलीची! भाषांतरकाराच्या कानास हे खटकले नसावे.

आमच्या बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत इटालियन कंपनीचा वाहनांचा कारखाना आहे. तेथे आलेल्या एखाद्या तंत्रज्ञाच्या व्हिशाची मुदत उलटली, तर आपण ‘कागद राहिला’ म्हणू. तीच मुदत उलटलेल्या एखाद्या बांगलादेशी बिगाऱ्यास कोणता शब्द लावू, हे वाचकांनी आपल्याच घरी, चहाच्या वेळी, ऐकून पाहावे.