कळपातली एकच हंसी

‘द स्नो गूज’ हे पॉल गॅलिको या अमेरिकन लेखकाचं १९४१ सालचं पुस्तक एका बैठकीत वाचून होतं. घडतं ते इसेक्सच्या किनाऱ्यावरच्या खाजणात. पडक्या दीपगृहात एकटा राहणारा, पाठीला कुबड असलेला चित्रकार रायडर. त्याच्याकडे जखमी पक्षी घेऊन येणारी फ्रिथा ही पोर. आणि कॅनडाहून वादळात भरकटून आलेली ती शुभ्र हंसी. १९४०च्या वसंतात बाकीचे रानहंस उत्तरेला निघून जातात, ती मात्र मागे राहते. पुढे डंकर्कला सैनिकांना सोडवायला गेलेला रायडर परत येत नाही.

ओहोटीचा चिखल, गार वारा, थव्यांचा कलकलाट हे गॅलिको फार छान लिहितो. शेवट डोळ्यांत पाणी आणण्यासाठीच बेतलेला आहे, आणि ते येतंही. पण ‘आपलं गाव सोडून इथेच राहिली’ हे वाचताना तुम्ही-आम्ही जरा जास्तच हळवे होतो, म्हणून एक गोष्ट नजरेतून निसटते. या कथेत किंमत आहे ती फक्त दुर्मीळ पक्ष्याला. दर हिवाळ्यात नेमाने येणारे शेकडो रानहंस नुसते पडद्यासारखे मागे उभे राहतात. हंसीचं राहणंही शेवटी रायडरच्या प्रेमाची खूण ठरतं. पक्षी म्हणून तिचं काय, हे लेखक विचारत नाही.

याला उत्तर पुस्तकाच्या चित्रकारानेच दिलं, असं मला वाटतं. १९४६च्या आवृत्तीची चित्रं पीटर स्कॉट यांची. त्याच वर्षी त्यांनी सेव्हर्न नदीच्या मुखाशी स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली. रशियाच्या उत्तर टोकाहून तिथे येणाऱ्या ब्यूइक हंसांच्या चोचीवरची पिवळी-काळी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. १९६४पासून स्कॉट कुटुंबाने ती चितारून हंस एकेक करून ओळखायला सुरुवात केली, त्यांना नावं दिली. कोण परतलं, कोणाची जोडी जमली, कोण आलंच नाही, याची नोंद होऊ लागली. गॅलिकोला एक हंसी दिसली. स्कॉटना कळपातला प्रत्येक जण.

पुस्तक जरूर वाचा. मग मार्चच्या सुरुवातीला इसेक्सच्या एखाद्या खाडीकाठी जा. सायबेरियाला निघण्याआधी काळसर ब्रेंट हंस तिथे चरत असतात. दुर्बिणीतून दुर्मीळ काही शोधण्याआधी त्यांच्यातल्या एकाकडे पाच मिनिटं नीट बघा.