पंडिता रमाबाईंची साक्ष : मनःशांती आणि सत्य

कवठे येमाईपासून दौंडपर्यंतच्या वाचकाला केडगावचे मुक्ती मिशन परिचित असते, ते निराधार स्त्रियांचे आश्रयस्थान म्हणून. त्याच्या संस्थापिका पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी १९०७ साली आपली धर्मविषयक साक्ष प्रसिद्ध केली. सत्यासाठी झगडणाऱ्या एका मनाचा आलेख म्हणून तिची चिकित्सा झाली पाहिजे.

साक्षीचा पूर्वार्ध अत्यंत प्रखर आहे. धर्मशास्त्रे अनेक बाबतींत परस्परविरोधी बोलतात. पण स्त्री व शूद्र यांना हीन लेखण्यात त्यांचे एकमत आहे, हा निष्कर्ष रमाबाईंनी संस्कृत ग्रंथांच्या प्रत्यक्ष अध्ययनातून काढला. पुढे इंग्लंडमध्ये ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांची सेवा त्यांनी पाहिली, योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचली आणि १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. येथे त्यांची कसोटी आचरणाची आहे. महात्मा फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, ती उगीच नव्हे.

बाप्तिस्म्यानंतरही त्यांचा विवेक निमूट झाला नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या त्रैक्याच्या सिद्धान्तावर शंका घेतात आणि आपली सदसद्विवेकबुद्धी चर्चच्या हाती सोपविण्यास नकार देतात. गुरुस्थानी असलेल्या सिस्टरना हा अहंकार वाटला. वस्तुतः ती सत्यनिष्ठा होती.

साक्षीचा उत्तरार्ध मात्र विचारात पाडतो. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झालेली जाणीव रमाबाई प्रांजळपणे नोंदवितात. त्यानंतर त्यांना शांती लाभली. परंतु पत्रांतील प्रश्नांचे काय झाले? त्यांचे निरसन झाले की ते विचारणेच थांबले? साक्ष याचे उत्तर देत नाही. आत्म्याला लाभलेली शांती हाच सत्याचा पुरावा, असे ती गृहीत धरते. कालाम सुत्ताच्या अभ्यासकाला हे गृहीतक मान्य होण्यासारखे नाही. शांती हा मनाचा अनुभव आहे. कोणत्याही मताच्या अनुयायाला तो येऊ शकतो. सत्याला स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते.

तथापि रमाबाईंची जिज्ञासा विझली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. ग्रंथ सामान्य स्त्रीला स्वतः वाचता यावा, हा त्यामागील आग्रह होता. मात्र ही जिज्ञासा ग्रंथाच्या अर्थापुरती राहिली. ग्रंथाच्या प्रामाण्यापर्यंत ती गेली नाही.

म्हणूनच साक्ष वाचताना पत्रे शेजारी ठेवावीत. साक्षीत रमाबाईंचा विसावा दिसतो. त्यांचा शोध पत्रांत आहे. आणि हेच माप आपणही स्वतःला लावले पाहिजे. धम्माच्या स्वीकाराने लाभलेले समाधान मोलाचे आहेच. पण त्या समाधानाने प्रश्न मिटतात की फक्त मुके होतात, हे ज्याचे त्यानेच तपासायचे असते.